प्रतिकूल शेरा

गुपित राखायला पोलादी कपाट लागत नाही, पोलादी मन लागतं. हे वाक्य लखोट्यांनी आपल्या निरोप समारंभात उच्चारलं तेव्हा सभागृहात क्षणभर शांतता पसरली होती. त्यांच्या कपाटाची किल्ली त्या वेळी कपाटालाच लटकत होती आणि दारातून शिपाई तशी खूण करत होता, म्हणून ती शांतता पसरली होती.

ते पोलादी मन आज, सात वर्षांनी, सकाळी साडेनऊ वाजता जेवणाच्या टेबलापाशी बसून बटणांच्या फोनकडे बघत होतं आणि चांगलंच पातळ झालं होतं.

फोनवर संदेश होता. ‘तुमचे खाते नवीन उपकरणावर उघडण्यात आले आहे. हे तुम्ही नसल्यास तातडीने…’ पुढचं त्या एवढ्याशा पडद्यावर मावत नव्हतं, आणि लखोट्यांना पुढचं वाचायची गरजही वाटली नाही. ‘उघडण्यात आले आहे’ एवढं पुरेसं होतं. वाक्यातून कर्ता गाळला की तो कर्ता मोठा असतो, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. ‘बदली करण्यात आली आहे.’ ‘नोंद घेण्यात आली आहे.’ आता खातं उघडण्यात आलं होतं.

लखोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते गोपनीय शाखेत टंकलेखक होते आणि दरवर्षी मार्चमध्ये शेदीडशे माणसांचे गोपनीय अहवाल टाइप करून, पाकिटात घालून, लाख लावून कपाटात ठेवत, म्हणून कचेरीनं त्यांना हे नाव दिलं. ते इतकं मुरलं, की पुढे घरीही लोक ‘लखोटे आहेत का?’ असं विचारत येत आणि बायको ‘आहेत, बसा’ म्हणे. कुणी खोदून विचारलं, की लखोटे एकच उत्तर देत, “मी वाचत नाही हो, मी फक्त टाइप करतो.” लोकांना ते खरं वाटे. लखोट्यांनी प्रत्येक अहवाल दोनदा वाचला होता.

निवृत्तीनंतरचा पहिला मार्च उजाडला आणि त्यांची बोटं शिवशिवायला लागली. चार दिवस त्यांनी टेबलावर, खुर्चीच्या हातावर, एकदा तर बायकोच्या पाठीवर बोटं वाजवून काढली. पाचव्या दिवशी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी घरातल्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले. पूर्ण नमुन्यात, रकान्यांसकट. तेव्हापासून दर मार्चला लिहीत आले. पाठवायचे कुणाला हा प्रश्न नव्हताच. ते ई-मेलच्या खात्यात, न पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात पडून राहत. सात वर्षांत असे एकोणीस अहवाल जमले होते. सून मागाहून आली म्हणून तिचे पाचच होते.

मुलाविषयी लिहिलेलं होतं: ‘आज्ञाधारक. तथापि नेमका कोणाचा, हे निश्चित सांगता येत नाही. प्रतवारी: चांगला.’ सुनेविषयी: ‘कार्यक्षम. वरिष्ठांचा सल्ला शांतपणे ऐकून घेते. अंमलबजावणी निरंक. प्रतवारी: उत्कृष्ट, आवाज वगळून.’ हे दोन्ही बाहेर फुटले असते तर चार दिवस घरात भांडी आपटली असती. तेवढं सोसायची लखोट्यांची तयारी होती.

पण बायकोच्या अहवालात, तिसऱ्या वर्षीच्या, एक ओळ होती. ‘सदर कर्मचाऱ्याची या जागी झालेली नेमणूक ही मुळातच चूक होती.’

ती ओळ लिहिताना त्यांना जे म्हणायचं होतं ते वेगळं होतं. पण सरकारी मराठीत एकदा वाक्य टाइप झालं, की म्हणणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते कुणी विचारत नाही. अडतीस वर्षं संसार केलेल्या बाईनं ही ओळ वाचली तर ती काय समजेल, ते लखोट्यांना समजत होतं. आणि आता ती ओळ कुठल्यातरी नवीन उपकरणावर उघडण्यात आली होती.

ते उठले. खिडकीपाशी गेले. परत आले. मग पुन्हा खिडकीपाशी गेले, कारण पहिल्यांदा बाहेर काय बघितलं ते आठवेना. कोपऱ्यातल्या मेजावर परवापर्यंत कॉम्प्युटर होता. आता तिथे त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता आणि त्यावर बायकोनं झाडाची कुंडी ठेवली होती. ते दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले असताना सुनेनं तो कॉम्प्युटर देऊन टाकला होता आणि बदल्यात त्यांना एक टॅबलेट आणला होता.

लखोट्यांच्या हिशेबी खातं कॉम्प्युटरात असतं, जशी फाइल कपाटात असते. कपाट गेलं, म्हणजे फाइल त्याच्याबरोबर गेली. यात शंकेला जागाच नव्हती.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिची निघायची वेळ झाली होती आणि ती एका हातानं केस बांधत दुसऱ्या हातानं किल्ल्या शोधत होती.

“काय गं,” लखोटे म्हणाले, “समजा, एखाद्याला पासवर्ड बदलायचा असला तर?”

“एखाद्याला म्हणजे तुम्हाला?”

“एखाद्याला.”

“काही झालंय का बाबा?”

“झाल्यावरच बदलायचा का? तू काय लोकांचे डोळे गेल्यावर तपासतेस?”

इथे त्यांनी तो संदेश तिला दाखवला असता तर ही गोष्ट याच परिच्छेदात संपली असती. पण संदेश दाखवायचा म्हणजे ‘खात्यात आहे काय एवढं?’ हा प्रश्न आलाच. लखोट्यांनी फोन पालथा घातला.

सुनेनं पर्स खाली ठेवली आणि खोक्यातून टॅबलेट काढला. त्याच्या एका कोपऱ्यात जखमेवर लावायची चिकटपट्टी होती.

“हे काय? याला कुठं लागलं?”

“तिथून बघतात.”

“कोण बघतं?”

“ते कळलं असतं तर पट्टी कशाला लावली असती?”

सुनेनं मोठा श्वास घेतला, दोनतीन ठिकाणी बोट टेकवलं आणि टॅबलेट त्यांच्यापुढे सरकवला. “हं. इथं आधी आत्ताचा पासवर्ड टाका. मग नवीन. मी बघत नाही, टाका.” तिनं खरोखरच तोंड फिरवलं.

लखोट्यांनी आठही बोटं काचेवर ठेवली. टंकलेखक आधी बोटं टेकवतो, मग दाबतो. काचेला हा फरक कळत नाही. काचेवर एकदम आठदहा ठिपके उमटले आणि खाली लाल अक्षरांत ‘चुकीचा पासवर्ड’ असं आलं.

“काय आहे पासवर्ड? सांगा, मी टाकते.”

“मला माहीत नाही.”

“अहो बाबा, रोज टाकत होतात की!”

“मी कुठं टाकायचो? बोटं टाकायची.”

हे खरं होतं. सात वर्षांपूर्वी पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘अत्यंत गोपनीय’ हे दोन शब्द जुन्या मराठी टाइपरायटरच्या सवयीनं झरकन बडवले होते. कॉम्प्युटर मात्र इंग्रजीत होता. पडद्यावर ठिपकेच दिसत होते, त्यामुळे त्या बडवण्यातून नक्की कोणती इंग्रजी अक्षरं आत गेली ते लखोट्यांनी कधी पाहिलंच नाही. जगातला सगळ्यात सुरक्षित पासवर्ड आपला, असं ते मनाशी म्हणत. मारून टाकलं तरी सांगता येणार नाही, कारण माहीतच नाही.

“मग एक करा,” सून म्हणाली. “टेबलावर टाइप करा, मी बघते कुठलं बोट कुठं जातंय ते.”

“छे छे!”

“का?”

“म्हणजे तुला कळेल ना.”

“बाबा, मी सून आहे तुमची. चोर नाही.”

“मी कुठं तसं म्हणालो?” असं म्हणून लखोट्यांनी हात टेबलाखाली नेले आणि तिथे, स्वतःच्या मांडीवर, हळूच पासवर्ड वाजवून पाहिला. डावी करंगळी, उजवं मधलं, मग पुन्हा डावी… मांडीवर कळा नव्हत्या. अर्ध्यातच बोटं भरकटली.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि टेबलाखाली चाललेला प्रकार बघून म्हणाली, “खाज सुटलीय का? मलम देऊ?”

“पासवर्ड विसरलात तर प्रश्न विचारतात,” सून घड्याळाकडे बघत म्हणाली. “हे बघा. ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?’ सांगा पटकन.”

“खरं सांगू, का मी लिहिलंय ते?”

“दोन वेगळी आहेत?”

“खरं लिहायला मी काय खुळा आहे? खरं तर कुणालाही कळेल.”

“मग खोटं काय लिहिलंत?”

लखोटे आठवू लागले. खोट्या शाळेचं नाव त्यांनी विचार करून निवडलं होतं, कुणाच्या स्वप्नातही येऊ नये असं. ते आता त्यांच्याही स्वप्नात येईना. तीन शाळा टाकून झाल्यावर टॅबलेटनं चोवीस तासांनी या म्हणून सांगितलं.

“संध्याकाळी बघू,” सून पर्स उचलत म्हणाली. “आहे तो पासवर्ड काय वाईट आहे? घरात कुणाला येत नाही, तुम्हालाही येत नाही.”

“तो कॉम्प्युटर कुणाला दिलास गं?” शक्य तेवढ्या सहज आवाजात लखोट्यांनी विचारलं.

“चौकातल्या झेरॉक्सवालीला. गिऱ्हाइकांसाठी लागत होता तिला. चांगली बाई आहे.”

दार लागलं. लखोट्यांच्या कानात ‘गिऱ्हाइकांसाठी’ हा एकच शब्द उरला. एखादा कपाट चोरून नेतो ते वेगळं. इथे कपाट चौकात मांडलं होतं आणि समोर खुर्ची ठेवली होती.

दोन मिनिटांत ते बाहेर पडायला निघाले.

“स्वेटर उलटा घातलाय,” बायको म्हणाली. ती जुन्या शर्टाची बटणं कापत बसली होती. कात्री चालूच होती. “आणि फोन? चार्जिंगला लावलाय तो न्यायचा नाही का?”

“नको. त्याच्यावरून माणूस कुठं आहे ते कळतं.”

“मला विचारायचं होतंच, कुठं निघालात?”

“जरा पाय मोकळे करतो.”

“सकाळपासून तेच करताय घरात. फरशी झिजली.”

झेरॉक्सचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता. पुढे काउंटर, त्यावर गरम कागदाचा वास मारणारं मशीन, आणि मागे भिंतीला लागून लखोट्यांचा कॉम्प्युटर. त्याच्या पुढ्यात एक तरुण मुलगी नोकरीचा अर्ज भरत बसली होती. तिच्या हाताखाली लखोट्यांचाच कळफलक होता, सात वर्षांत अक्षरं पुसून गुळगुळीत झालेला. एकेक कळ दाबून, काय उमटलं ते बघून मुलगी पुढे सरकत होती.

झेरॉक्सवाली चाळिशीची होती आणि तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलत होती. एकाचा घटस्फोटाचा अर्ज मशीनवर होता, दुसऱ्याचे रक्ताचे रिपोर्ट हातात होते, आणि तिसऱ्याला ती सांगत होती, “काका, मृत्युपत्राच्या पाच कॉप्या कशाला? मुलं दोनच आहेत ना?”

उभ्या आयुष्यात लखोट्यांनी एवढी गुपितं एका टेबलावर उघडी पडलेली पाहिली नव्हती.

“तुमचं काय काढायचंय काका?”

“मला त्या कॉम्प्युटरवर बसायचंय.”

“ती उठली की बसा. काय टाइप करायचंय का? मी करून देते.”

“नको. प्रायव्हेट आहे.”

“इथं सगळ्यांचं प्रायव्हेटच असतं,” ती म्हणाली आणि घटस्फोटाच्या चार प्रती ठोकून सरळ केल्या.

लखोटे उभे राहिले. मुलीच्या मागे उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि तीन वेळा मागे जाऊन आले. पडद्यावर तिचा जन्म, पत्ता, वडिलांचं उत्पन्न, सगळं होतं. ते त्यांनी वाचलं. मग आपण वाचलं हे लक्षात आल्यावर त्यांना फार अस्वस्थ वाटलं. मुलीविषयी नव्हे. आपण एवढ्यात, नकळत, चष्माही न लावता एवढं वाचलं, तर परवापासून इथे बसून गेलेल्यांनी काय काय वाचलं असेल, या विचारानं.

“मुली, व्हायचंय का अजून?”

“एच कुठंय हो यात?” मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

“उजव्या हाताचं पहिलं बोट, एक कळ डावीकडे,” लखोटे म्हणाले. हे त्यांनी न बघता सांगितलं.

ती एक कागद विसरली होती. तो आणायला ती धावत गेली आणि लखोटे खुर्चीत शिरले.

तिचा अर्ज त्यांनी बाजूला सारला. मागे पडद्यावर निळं आकाश होतं. त्यांची पत्रं नव्हती, फायली नव्हत्या, बायकोच्या बहिणीकडच्या लग्नाचे फोटो नव्हते. काहीच नव्हतं. दुसऱ्या एखाद्यानं यावरून सगळं पुसून टाकलंय असं ओळखलं असतं. लखोट्यांनी कपाट रिकामं पाहिलं आणि चोरी पूर्ण झाल्याचं ओळखलं.

“बाई, यातलं सामान कुठं गेलं?”

“कसलं सामान? असाच आला. कोरा.”

“पत्रांचं पान उघडता येईल का?”

तिनं येऊन वाकून दोन ठिकाणी टिचकी मारली. पासवर्डची चौकट आली. ती अजून तिथेच होती.

“जरा तिकडं बघता?”

“काका, मशीन तिकडंच आहे,” ती म्हणाली आणि गेली.

लखोट्यांनी बोटं टेकवली. डोळे मिटले. खाडखाड खाडखाड. तीस वर्षांचा जुना आवाज त्या बोळात घुमला, मृत्युपत्रवाल्या काकांनी वळून पाहिलं, आणि खातं उघडलं.

एकोणीसच्या एकोणीस अहवाल जागेवर होते. याचाही त्यांना धीर आला नाही. कागदाची नक्कल काढली तर मूळ कागद जागेवरच राहतो, हे ते ज्या दुकानात बसले होते तिथे कुणालाही कळलं असतं. त्यांनी तिसऱ्या वर्षीचा अहवाल उघडला.

त्या वर्षी ते विम्याचे कागद शोधत होते आणि बायकोच्या पेटीत तळाशी एक पत्र मिळालं होतं. लग्नाआधीपासून ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून दिवसभर माणसांना माणसांशी जोडून द्यायची. लखोट्यांची बदली झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, ‘कंटाळाच आला होता’ म्हणाली. पेटीतलं पत्र त्याच आठवड्यातलं होतं. तिला पर्यवेक्षक म्हणून बढती मिळाल्याचं, बावीस जणींच्या वर. ते तिनं कधी दाखवलं नाही. लखोट्यांनी वाचलं, होतं तसं घडी घालून ठेवलं, आणि मार्च आल्यावर अहवालात ती ओळ लिहिली. बोलायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. शेरा लिहायचा कसा, ते येत होतं.

प्रतवारीच्या रकान्यात ‘निश्चित चांगली’ होतं. सातही वर्षं तेच. ‘अत्युत्कृष्ट’ शेरा द्यायचा तर कारणं स्वतंत्र कागदावर नमूद करावी लागतात, आणि ती कुठून सुरू करावीत ते लखोट्यांना दर मार्चला कळत नसे.

मागे चपला वाजल्या. अर्जवाली मुलगी परत आली होती. “काका, झालं का? आज शेवटची तारीख आहे.”

लखोट्यांना एकदम नियम आठवला. प्रतिकूल शेरा संबंधितास कळवलाच पाहिजे. लेखी, समक्ष, आणि पोच घेऊन. न कळवलेला शेरा धरला जात नाही. हा नियम त्यांनी स्वतः शेकडो वेळा टाइप केला होता आणि स्वतःच्या घरात चार वर्षं मोडला होता. बाहेरून कुणीतरी येऊन तिला सांगणार, शेजारीण, भाऊ, एखादा अर्ज भरणारा. त्यापेक्षा…

“बाई! एक कॉपी काढायचीय. यातली.”

“दाबा तिथं. इकडं येईल.”

कागद काउंटरपलीकडच्या मशीनमधून निघू लागला. लखोटे खुर्चीतून उठून धावले, पण मध्ये मृत्युपत्र होतं. झेरॉक्सवालीनं कागद ओढला, न बघता पालथा केला, मधोमध घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला.

“वाचलंत?”

“काय?”

“हे. वाचलंत का?”

“काका,” ती पुढच्या माणसाच्या हातातून रेशनकार्डाएवढा कुठलासा पुठ्ठा घेत म्हणाली, “मी वाचायला लागले तर वेडी होईन.”

हेच, साधारण हेच, लखोटे तीस वर्षं म्हणत आले होते. त्यामुळे त्यांचा तिच्यावर विश्वास बसणं शक्य नव्हतं. पण तिनं कागद पालथा केला होता. ते त्यांनी कधी केलं नव्हतं. हे डोक्यात घेऊन, कागद स्वेटरच्या आत धरून, ते तडक घरी आले. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं त्यांना शिवी दिली, ती त्यांनी ऐकली नाही.

बायको अजून बटणांपाशी होती. काढलेली बटणं तिनं दोऱ्यात ओवली होती.

“हे वाच,” लखोटे म्हणाले.

“काय आहे?”

“तुझं आहे.”

तिनं चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. ती वाचू लागली. एकेक रकाना, खालच्या आवाजात, लहान मूल धडा वाचतं तसं. ‘वक्तशीरपणा: उत्तम.’ ‘सहकाऱ्यांशी वर्तन: सौजन्याचे, सहकाऱ्यांची पात्रता नसताना.’ लखोटे बसले, उठले, टेबलावर बोटं वाजवली, थांबवली. ‘सदर कर्मचाऱ्याची या जागी झालेली नेमणूक…’ इथे आवाज बंद झाला. ती ओळ तिनं मनात वाचली.

मग तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चूक कुणाची, ते लिहिलं नाही,” ती म्हणाली.

“तसं लिहायची पद्धत नसते.”

“माझी?”

“नाही, नाही!”

“मग नेमणूक करणाऱ्याची? म्हणजे माझ्या वडिलांची?”

“जागेची,” लखोटे म्हणाले. “जागाच तुझ्या योग्यतेची नव्हती. ते पत्र मी पाहिलं होतं. पेटीतलं. बावीस जणींच्या वर.”

बायकोनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. काच स्वच्छच होती.

“कधी पाहिलंत?”

“चार वर्षं झाली.”

“आणि बोलला नाहीत.”

“गोपनीय होतं.”

ती हसली की काय, ते त्यांना कळलं नाही. “तुम्ही आपले तीस वर्षं लखोटे म्हणून मिरवलात,” ती म्हणाली. “मी एक्सचेंजला गावभरचं बोलणं ऐकत होते. कुणाचं कुणाशी काय, कोण रडलं, कुणी कुणाला फसवलं. एक तरी सांगितलं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग ते एक पत्र मी राखलं, त्यात काय विशेष?”

लखोट्यांनी पुढे वाकून कागदाच्या तळाशी बोट ठेवलं, कारण आता पुढची पायरी तीच होती. “इथं पोच द्यायची असते. शेरा मान्य नसेल तर निवेदन करता येतं.”

“मुदत?”

“एक महिना.”

बायकोनं पेन मागितलं. लखोट्यांनी दिलं तेव्हा त्याचं टोपण काढायचं राहिलं, ते तिनं काढलं. कागद गुडघ्यावर ठेवून तिनं लिहिलं, ‘वाचले. शेरा मान्य.’ खाली सही केली. ती सही लखोट्यांनी अडतीस वर्षांत पाहिली नव्हती. माहेरच्या नावाची होती, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली एक ठाम रेघ.

मग तिनं कागद त्यांना परत दिला नाही. घडी घालून तो ती आत घेऊन गेली, आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. लखोटे तो ऐकत टेबलापाशी बसून राहिले.

संध्याकाळी सून आली तेव्हा बाबा टेबलापाशीच होते आणि त्यांची बोटं स्थिर होती, हे तिला विचित्र वाटलं. फोन त्यांच्यापुढे होता, उताणा.

“सकाळी हा दिसला,” ते म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुनेनं फोन हातात घेतला, खालच्या बाणाचं बटण दाबत संदेश शेवटपर्यंत नेला आणि कपाळाला हात लावला. “अहो बाबा! हा परवाचा आहे, आपल्या टॅबलेटचाच. इथं लिहिलंय की खाली. कॉम्प्युटर द्यायच्या आधी, त्यावर तुमचं खातं उघडंच होतं तेव्हा, मीच ते जोडून दिलं ना याच्यावर. मग तो कॉम्प्युटर आख्खा पुसला, तुमची पत्रंबित्रं जाऊ नयेत बाहेर म्हणून. यासाठी सकाळी ते पासवर्डचं चाललं होतं?”

“म्हणजे कुणी उघडलं नव्हतं?”

“कोण उघडणार? आपलाच टॅबलेट. हा मेसेज आला की घाबरायचं नाही, आपलंच असतं ते.”

ती हातपाय धुवायला गेली. लखोट्यांनी फोन उचलला. त्यावर आणखी एक संदेश होता, ते बाहेर असताना आलेला. ‘तुमचे खाते नवीन उपकरणावर उघडण्यात आले आहे.’ आपलंच असतं ते, असं मनाशी म्हणून त्यांनी तो पुसून टाकला, आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

हा दुसरा संदेश झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा होता. कागद घेऊन निघताना लखोट्यांनी खातं बंद केलं नव्हतं. ते तिथे अकरा दिवस उघडं राहिलं. तेवढ्या काळात त्या खुर्चीवर एकशे चौदा माणसं बसून गेली, आणि त्यांतल्या एकानंही ते वाचलं नाही.